पाठमोरी जर्सी

“त्याला सांगायचं कुणी? त्यापेक्षा रविवारी पहिल्या मॅचला उभा करू. दोन गोल खाल्ले, गॅलरीतनं शिट्ट्या बसल्या, की त्याचं त्यालाच कळंल.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी खिडकीच्या आत मेथी निवडत होते आणि बोलणारे खिडकीबाहेर, खालच्या कट्ट्यावर बसले होते. आवाज माझ्या नवऱ्याचा होता. लग्नाला अडीच महिने झाले होते. तेवढ्या काळात ते माझ्याशी सलग तीन वाक्यं बोलल्याचं आठवत नव्हतं, त्यामुळे आवाज ओळखायला मला क्षणभर लागला.

अशा गोष्टी ‘एकदा एक’ म्हणून सुरू करायच्या असतात आणि त्यांतल्या माणसांना नावं नसतात, हे मला ठाऊक आहे. माहेरी वडील जेवताना रोज एखादी सांगत. पण ही गोष्ट मी खिडकीतून पाहिलेली आहे आणि नावं मला माहीत आहेत. तेव्हा सुरुवात रिवाजाप्रमाणे करते, पुढचं जसं घडलं तसं.

एकदा एका पेठेत एक तालीम होती. पूर्वी तिथे कुस्ती चाले. पुढे लाल मातीचा हौदा तसाच राहिला आणि पोरं फुटबॉलकडे वळली. वस्ताद मात्र बदलले नाहीत. वय ऐंशीच्या पुढे, कानाच्या पाळ्या कुस्तीने मुडपलेल्या, बोलणं अत्यल्प. माझ्या नवऱ्याला, विश्वजितना, त्यांनी सातव्या वर्षी लंगोट बांधायला शिकवलं आणि बाराव्या वर्षी हातात चेंडू दिला. आज विश्वजित संघाचे कर्णधार आहेत, नाक्यावर त्यांचा फोटो लागतो. तरी वस्तादांपुढे ते चपला काढून उभे राहतात.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तालमीच्या अंगणावर उघडते. खिडकीखाली कट्टा, पुढे सरावाचं मैदान, आणि पलीकडच्या टोकाला एकच गोल. कट्ट्यावर बसणाऱ्यांची पाठ माझ्याकडे असते. सरावाला धावणाऱ्यांचीही पाठच. कुणाचे केस मागून विरळ व्हायला लागलेत, कुणाच्या शर्टाची कॉलर बायको उलटी इस्त्री करते, हे सगळं मला माहीत होतं. चेहरे मात्र रस्त्यात भेटले तर ओळखले नसते. त्या सगळ्या मैदानात माझ्याकडे तोंड करून उभा असणारा माणूस एकच, गोलकीपर.

त्यांचं नाव सर्जेराव. सगळे त्यांना सर्जाअण्णा म्हणत. वय एकोणचाळीस. दिवसा एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम आणि संध्याकाळी गोलात. वीस वर्षं तालमीचा गोल त्यांनी राखला होता, आणि गेल्या मोसमात पहिल्यांदा गॅलरीतून त्यांच्या नावाने शिट्ट्या वाजल्या. यंदा त्यांना ठेवावं की शेजारच्या गल्लीतल्या नव्या कीपरला उभं करावं, यावर कट्ट्यावर महिनाभर खल चालला होता. काहींचं म्हणणं, अण्णांनी एका अंतिम सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या होत्या, ते विसरणार का? त्यावर संघाचे सेक्रेटरी दिगूभाऊजी म्हणाले, त्या पेनल्टी अडवल्या तेव्हा मी शाळेत होतो, आता माझं पोरगं शाळेत जातंय. सगळे हसले. हसून झाल्यावर निर्णय झालाच होता, फक्त तो उच्चारायला कुणी तयार नव्हतं. म्हणून मग रविवारचा तो बेत निघाला. पहिला सामना पलीकडच्या पेठेशी होता, आणि त्यांचे लोक शिट्ट्यांवर थांबणारे नव्हते.

बेत ऐकताना माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. कारण अण्णांना जे कळवण्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, ते त्यांना आधीच कळलेलं होतं, आणि हे पेठेत फक्त मला माहीत होतं.

ते असं. सराव संपला की सगळे कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याकडे जात. अण्णा एकटे मागे राहत. आमच्या घराच्या मागच्या दारी येऊन म्हणत, “वहिनी, बादलीभर पाणी मिळंल का?” ती बादली ते गोलासमोरच्या जमिनीवर शिंपडत. तिथे खड्डे पडतात आणि माती दगडासारखी होते. झेप घेऊन पडणाऱ्याची कातडी सोलून निघते. पाणी मारून, पायाने दाबून ते जमीन मऊ करत, आणि बादली उपडी घालून दारात ठेवून जात. आमचं बोलणं एवढंच. पण त्या अडीच महिन्यांत माझ्या तोंडाकडे बघून रोज एक वाक्य बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई चांगल्या आहेत, पण त्या बोलायच्या ते फोडणीकडे बघून. शेजारणीला मात्र त्या एकदा सांगत होत्या की सून गुणाची आहे, तोंड असल्याचं कळतसुद्धा नाही.

एके दिवशी मला दिसलं की अण्णा गोलाच्या एकाच बाजूला पाणी जास्त मारतात. बादली परत घेताना मी त्या बाजूला नुसतं पाहिलं. त्यांनी न विचारता उत्तर दिलं. “डावीकडं आता उशीर हुतोय, वहिनी. चेंडू जातो आणि मी मागनं आदळतो. म्हणून तिकडं जरा जास्त.” मग बादली उपडी घालताना म्हणाले, “मी नसलो तरी बादली देत जावा. नव्या कीपरला सांगून ठेवीन, पण ते लाजंल मागायला.”

हे मी कुणालाच सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलण्याची सवय त्या घरात मला अजून लागायची होती.

मंगळवारी विश्वजित आणि दिगूभाऊजी बेत घेऊन वस्तादांकडे गेले. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘बरं’ म्हणाले. वस्तादांचं ‘बरं’ म्हणजे होकार, असं दिगूभाऊजींनी कट्ट्यावर जाहीर केलं. मला ते तसं वाटलं नाही. मी स्वतः अडीच महिने ‘बरं’ या एका शब्दावर संसार चालवत होते. त्यात काय काय मावतं याची मला कल्पना होती.

शनिवारी सकाळी जर्सी वाटायच्या होत्या. तालमीचा हा जुना रिवाज आहे. मोसमाच्या पहिल्या सामन्याआधीच्या शनिवारी नव्या जर्सींची चळत तालमीच्या ओट्यावर, मारुतीसमोर ठेवतात. नारळ फुटतो. मग वस्ताद पाटावर बसून एकेकाचं नाव घेतात आणि जर्सी स्वतःच्या हातांनी देतात. पहिली गोलकीपरची, शेवटची कर्णधाराची. देताना ते खेळाडूच्या डोळ्यांत बघतात आणि ‘खेळ’ एवढंच म्हणतात. एका साली एका खेळाडूकडे त्यांनी जरा जास्त वेळ बघितलं, तर त्याने मोसमभर दारूला हात लावला नाही, असं सासूबाई सांगतात.

मी खिडकीत होते. ओटा तिथून स्वच्छ दिसतो.

वस्तादांनी सर्जाअण्णांना पुढे बोलावलं. जर्सी दोन्ही हातांनी दिली, डोळ्यांत पाहिलं, ‘खेळ’ म्हणाले. अण्णांनी ती कपाळाला लावली, चार घड्या घातल्या आणि कामाची वेळ झाली म्हणून सायकलीला टांग मारून ते निघून गेले. मग वस्तादांनी ओट्याला हात टेकला, कष्टाने उठले, पाट फिरवला, आणि मारुतीकडे तोंड व सगळ्या संघाकडे पाठ करून परत बसले. दुसरं नाव घेतलं आणि जर्सी खांद्यावरून मागे धरली.

कुणाला काही समजेना. ज्याचं नाव होतं त्याने इकडे तिकडे बघत ती घेतली. तिसऱ्यालाही तसंच. डोळे नाहीत, ‘खेळ’ नाही, नुसता खांद्यावरून मागे आलेला सुरकुतलेला हात. दिगूभाऊजी हळूच म्हणाले, “वस्ताद, आम्ही हिकडं हाय.”

“मला ठाऊक हाय,” असं म्हणून वस्तादांनी पुढची जर्सी मागे धरली.

शेवटी कर्णधाराचं नाव आलं. विश्वजितनी हात पुढे केलाच नाही. जर्सी वस्तादांच्या खांद्यावर ओल्या कपड्यासारखी लोंबत राहिली. मग विश्वजितनी ती घेतली. मी त्यांची पाठच बघत होते, पण पाठीवरूनही माणसाचा अपमान झालेला कळतो.

बाकीचे पांगल्यावर ते कट्ट्यापाशी आले. वस्ताद काठी टेकत तिथे येऊन बसले होते. विश्वजितनी विचारलं, “माझं काय चुकलं, वस्ताद?”

“कुठं काय चुकलं? जर्सी मिळाली न्हवं? माप बरोबर हाय?”

“माप बरोबर हाय. पण सगळ्यांदेखत पाठ केलीसा. तोंड बघून दिली असती तर…”

त्यावर वस्ताद जे बोलले ते मी खिडकीच्या गजाला धरून ऐकलं.

“एकदा पाठ बघितलीस, विश्वा, आणि तुझं तोंड एवढं उतरलं. सर्जा वीस वर्षं तुमच्या पाठीच बघतोय. मैदानात त्याची त्याला तक्रार न्हाई. पुढं पळणं तुमचा धर्म, मागं उभं राहणं त्याचा. पण मैदानाबाहेर तरी कुणी त्याच्याकडं तोंड करायला पाहिजे. त्याला ठेवा, असं मी म्हणत न्हाई. त्याचे हात मंदावल्यात, माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाबी दिसतंय. काढायचं तर काढा, तो अधिकार संघाचा. पण जे तुमच्या तोंडून निघंना, ते समोरच्या संघाकडनं आणि गॅलरीकडनं बोलवून घ्यायचं, हे ह्या मातीत मी कुणाला शिकवलेलं न्हाई. पराभव माणूस पचवतो रे. आपल्या माणसांची पाठ पचत न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला. “उठीव मला.” विश्वजितनी त्यांना धरून उठवलं.

दुपारी जेवताना माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघून मीठ मागितलं. मीठ रोजच लागायचं. बघणं नवीन होतं.

वडिलांची गोष्ट असती तर इथेच संपली असती. शिष्याचे डोळे उघडले, ताटं उचलली. पण डोळे उघडणं निराळं आणि तोंड उघडणं निराळं, हे मला संध्याकाळी दिसलं. पाचजण कट्ट्यावर जमले. वस्ताद म्हणतात ते खरं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. अण्णांना आजच्या आज समोरासमोर सांगायचं, उद्या गोलात नवा कीपर, हेही ठरलं. फक्त कुणी सांगायचं ते ठरेना. विश्वजित म्हणाले, सेक्रेटरीचं काम आहे. दिगूभाऊजी म्हणाले, कर्णधाराचं. तिसऱ्याने अण्णांची आई आजारी असल्याची आठवण काढली, चौथ्याने वस्तादांनीच सांगितलं तर शोभेल असं सुचवलं. अखेर दिगूभाऊजींनी मोबाइल काढला आणि ‘आदरणीय सर्जाअण्णा’ असा मजकूर टाइप करून मोठ्याने वाचला. शेवटी हात जोडल्याची तीन चित्रं होती. दोन पुरेत का, यावर चर्चा सुरू झाली.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

सामन्याच्या आदल्या दिवशी सराव नसतो. तरी अण्णा बोळातून आले होते, वर्कशॉपमधल्या तेलाने काळ्या झालेल्या हातांनी दाराची चौकट धरून उभे. बगलेत सकाळची जर्सी, घड्या न मोडलेली. म्हणाले, “वहिनी, बादलीभर पाणी.”

बादली भरलेलीच होती. मी ती दिली नाही.

“अण्णा, पाणी नंतर. आधी आत येऊन चहा घ्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चपला काढल्या, हात धुतले, आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर टेकले. जर्सी मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, “कुणी काही म्हणालं का, वहिनी?”

मी म्हटलं, “अजून नाही.”

“हं,” ते म्हणाले, आणि जर्सीची एक घडी उगाच नीट केली.

मी स्वयंपाकघरात आले. चहा उकळत होता. खिडकीबाहेर पाच पाठी ओळीने, मोबाइलवर वाकलेल्या. पलीकडे रिकामा गोल, त्याच्यापुढची माती सुकून पांढरी पडलेली. या खिडकीतून आजवर कुणी माझा आवाज ऐकला नव्हता. मी गज धरला आणि बोलले. पाचही माणसं एकदम मागे वळली, आणि मला त्यांचे चेहरे दिसले.

“अहो, सर्जाअण्णा आपल्या घरात बसलेत. त्यांना सगळं ठाऊक आहे. कुणीतरी समोर येऊन सांगावं, एवढीच वाट बघताहेत. आत या. चहा गाळतेय.”