दाले वुएल्ता

मेक्सिकोतल्या एका गावात एक भोळा गुराखी होता. त्याचं नाव सेल्सो. आधीच्या दोन नोकऱ्या त्याला एकेक दिवस पुरल्या होत्या. तिसरीवर निघताना आई म्हणाली, "ही तरी टिकव. सांगतील तेवढंच कर."

"तेवढंच करतो," सेल्सो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने वासराच्या गळ्यात फास टाकला आणि दोर हातात घट्ट धरला. वासरू पळालं. सेल्सो घोड्यावरून उतरला नाही, पडला, आणि निवडुंगातून वासरामागे गेला.

म्हातारा गुराखी तोमास त्याचे काटे काढत बसला. "दोर हातात धरतात होय रे? खोगिराला पुढे खुंटी कशाला असते? दोर हाती आला की खुंटीला वेढा द्यायचा. आम्ही ओरडतो ना, 'दाले वुएल्ता'? म्हणजे दे वेढा."

पुढे उत्तरेकडच्या इंग्रजी बोलणाऱ्या गुराख्यांनी ही आरोळी उचलली आणि जिभेला जमेल तशी आखडून तिची 'डॅली' केली. सेल्सोने मात्र ती पुरती पाठ केली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई कपडे वाळत घालत होत्या. दोरीचं टोक सुटलं. सेल्सो घोड्यावरून चालला होता.

"एवढं टोक धर रे."

दोरी हाती आली. सेल्सोने खुंटीला वेढा दिला. घोड्याला तहान लागली होती. मालकांचे सहा सदरे आणि बाईंचा लग्नातला झगा चिखलातून पाणवठ्यावर जाऊन आले.

मालक म्हणाले, "आणखी एक चूक, की घरी."

तोमासने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, दोराला जनावर असेल तरच वेढा."

"जनावर आहे हे ओळखायचं कसं?"

"हिसका देतं. ओरडतं. मग वेढा दे, ओढत गोठ्यात आण आणि तापल्या लोखंडाने मालकांचा शिक्का उमटव. म्हणजे कुणाचं ते कळतं. कितीही ओरडलं तरी मध्येच सोडू नकोस."

तिसऱ्या दिवशी मालक विहिरीत पडलेली टोपी काढायला वाकले आणि स्वतःच आत पडले. जवळ फक्त सेल्सो. त्याने घोड्यावरूनच दोर खाली सोडला. मालकांनी तो कमरेला बांधला, हिसका दिला आणि ओरडले, "ओढ, गाढवा."

सेल्सोने विचार केला. हिसका होता. ओरडणंही होतं. त्याने खुंटीला वेढा दिला. घोडा चालू लागला. मालक वर आले.

"शाबास. आता थांब," मालक म्हणाले. मग ते ओरडू लागले. सेल्सो थांबला नाही.

तोमास धावत गोठ्यात पोहोचला, तेव्हा मालक पालथे पडले होते आणि त्यांच्या जाड चामडी विजारीतून धूर निघत होता. नोकरीविषयी ते काहीतरी ओरडत होते.

"ओरडू दे," सेल्सो तोमासला म्हणाला. "आता कुठेही हरवले, तरी लोक यांना यांच्याकडेच आणून सोडतील."