गळतीचं गाठोडं

"मालक, पाइपाला गळती आहे!" हौसा कळवळून सांगत होती आणि हैबतराव मिशीत हसत होते.

बोरवडीत हैबतरावांच्या भाड्याच्या सहा खोल्या. मागे त्यांचाच गोठा, गोठ्याशेजारी गोबरगॅसची टाकी, आणि टाकीतून प्रत्येक खोलीत पाइप. ऐट काय विचारता! "शहरासारखा गॅस आहे आपल्याकडे," हे ऐकवल्याशिवाय मालक कुणाचा नमस्कारसुद्धा घेत नसत. पण पाइप बसवून नऊ वर्षं झाली होती, आणि त्याकडे पुन्हा कुणी ढुंकून बघितलं असेल तर शपथ!

हौसा शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. खोली एकच. भिंतीला शेगडी आणि तिथून चार हातांवर तीन महिन्यांच्या छबीचा पाळणा. आठवडाभर त्या कोपऱ्यात सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हौसानं चूल बाहेर अंगणात मांडली होती, खिडकी रात्रंदिवस उघडी टाकली होती, आणि डासांनी लेकीचे गाल फोडून काढले होते. जीव टांगणीला लागला होता बिचारीचा.

"वास?" हैबतराव म्हणाले. "अगं, शेजारी गोठा आहे. गुलाबाचा येईल होय?"

"शेणाचा वास मला कळतो, मालक. जन्म गेलाय त्यात. हा निराळा आहे. मिस्त्री बोलवा."

"हे बघ, खोली माझी, पण आतली शेगडी-बिगडी तुमची तुम्ही बघायची. आणि गळती गळती करतेस, दाखव की! दिसते का कुठं?"

"गॅस कधी दिसतो होय, मालक?"

"मग झालं तर!"

गोठ्यातले गडी खिदळले. तशी हैबतरावांना आणखी चेव आला.

"परवा खंडेनवमी. पूजेच्या वेळी ती गळती गाठोड्यात बांधून माझ्यापुढं आणून ठेव. आणलीस तर सहाही खोल्यांचे पाइप नवे करीन. नाही आणलीस तर दसऱ्याला खोली रिकामी! रोजची कटकट नको मला."

हौसा परतली ती रडकुंडीला येऊन. ऐन सणात तान्ही पोर काखेत घेऊन खोली कुठं शोधायची? पाळण्याला झोका देत ती बसून राहिली. तेवढ्यात उघड्या खिडकीतून वारा आला आणि खिळ्याला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी टम्म फुगली. हौसाचा हात पाळण्याच्या दोरीवर तसाच थांबला.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली आणि चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती थेट मालकीणबाईंकडे गेली. "काकीसाहेब, पाच मिनिटं माझ्या खोलीवर येता? एक गाठ मारायची आहे, ती तुमच्याच हातची हवी."

खंडेनवमी उजाडली. अंगणात कोयते, नांगर, पहारी धुऊन-पुसून मांडलेल्या. मधोमध ट्रॅक्टर, झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखा उभा. हैबतराव हातात निरांजन घेऊन त्याला ओवाळत होते. सगळे भाडेकरू जमले होते. एवढ्यात हौसा आली. एका काखेत झोपलेली छबी, दुसऱ्या हातात टम्म फुगलेली, तोंडाला लाल दोरा घट्ट बांधलेली पिशवी.

"घ्या मालक. तुमची गळती, गाठोड्यात बांधून!"

"हॅ! तोंडानं फुंकून आणली असशील!"

"काय बोलता?" काकीसाहेब पुढे झाल्या. "काल शेगडीची तोटी माझ्या हातानं बंद करून नळी काढली. तोटीवर पिशवी चढवली, आतली हवा पिळून काढली आणि तोटी पाइपाला जोडलीय त्या जोडाच्या मागं दोरा मी बांधला. सकाळी बघते तर हा फुगा! माझ्यासमोरच तोंड आवळून उतरवला. मी खोटी का?"

आता बायकोला खोटी म्हणायची कुणाची छाती आहे? पण हैबतराव हटेनात.

"असेल. पण आत साधी हवा असेल. गॅस कशावरून?"

"सोपं आहे," हौसा म्हणाली. "छबीला घेऊन मी लांब उभी राहते. पिशवी तुम्ही धरा आणि ते निरांजन जरा जवळ न्या."

हैबतराव टुणकन मागे उडाले ते थेट ट्रॅक्टरच्या पलीकडे! निरांजन फुंकून विझवलं आणि चाकाआडून ओरडले, "लांब ने! लांब ने ती!"

"साधी हवाच आहे ना, मालक?"

गडी हसले, काकीसाहेब हसल्या, आणि शेवटी मालकांनाही हसू फुटलं. "हरलो बाई! पाइप नवे करतो. पण दरवर्षी माझ्या मागं लागायचं नाही हं. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं."

"मालक, हा ट्रॅक्टर तुम्ही भाड्यानं देता. मग दर खंडेनवमीच्या आधी मिस्त्री बोलावून त्याचा नटबोल्ट न् नटबोल्ट कोण तपासून घेतं?"

"मीच! ट्रॅक्टर माझा आहे. भाड्यानं नेणाऱ्यावर सोडला तर वाट लागेल त्याची!"

"आणि पाइप कुणाचा?"

हैबतराव चाकाआडून बाहेर आले. "माझाच की गं," ते पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "ऐका रे! दर खंडेनवमीला आधी मिस्त्री सहाही खोल्यांचे पाइप तपासणार, आणि मगच ट्रॅक्टरला हार! आणि हौसे, तुला काय पाहिजे? लुगडं? भांडीकुंडी? माग!"

"ते काही नको. मिस्त्री तपासून गेला की दरवर्षी पहिला चहा माझ्या खोलीत प्यायचा."

"एवढंच?"

"एवढंच. शेगडीला गुडघा लावून तुम्ही बसायचं, आणि काडीही तुम्हीच ओढायची!"

हैबतरावांनी निरांजन खाली ठेवलं. मग पोट धरधरून असे हसले, की छबी दचकून जागी झाली. "अरे गणपा, पळ!" ते डोळे पुसत गड्याला म्हणाले. "एक मिस्त्री पुरायचा नाही. दोन आण! आणि मालकिणीच्या पेटीतलं एक पैठणी लुगडं हौसाला आणून दे, ती नको म्हणाली तरी!"