मानाची वाटी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की माझ्या पणजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या वेशीवर एक मोठा दगडी गोटा होता. जत्रेच्या दिवशी तो कुणी खांद्यावर घेतला, तर गावाला वर्ष सुखाचं जातं, अशी लोकांची समजूत. तो पेलणारा गडी एकच होता, गावचा पैलवान.

अशा माणसाचं कौतुक कसं करायचं? गावाने रीत पाडली होती. पैलवान ज्या दारावरून जाईल, त्या घराने त्याला मोहाच्या दारूची एक वाटी द्यायची. ती मानाची वाटी. तिला नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. पैलवानाची शेताकडची वाट रोज गावातूनच जायची, आणि गावात घरं काही कमी नव्हती.

काही वर्षांत त्याचं तोंड लालबुंद दिसू लागलं. लोक म्हणत, "बघा, अंगात रक्त कसं सळसळतंय." काय बोलावं अशा शहाण्यांना! लाली दिसली की तब्येत चांगली, एवढंच त्यांचं वैद्यक.

खरं काय ते त्याच्या बायकोला ठाऊक होतं. अंगणापर्यंत चाललं तरी त्याला धाप लागे. संध्याकाळी पाय सुजत. झोपेत त्याची छाती अशी धडधडे, की शेजारी तिला जाग येई. शेवटी तिने वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नाडी सरळ चालत नाही," ते म्हणाले. "धावते, अडखळते, मध्येच थांबते. दारूनं रक्ताचा जोर वाढलाय, आणि तो सोसून तुझं काळीज थकलंय. जुन्या मोटेचं कातडं ताणून सैल पडतं ना, तसं झालंय बघ. अजून वाटी सोडलीस तर सावरशील. आणि गोट्याला हात लावू नकोस."

"वाटी कशी सोडू, वैद्यबुवा? लोक मायेनं देत्यात," पैलवान म्हणाला. खरं सांगायचं तर आता त्यालाही ती लागतच होती.

मग बायकोच दारोदार गेली. हात जोडून म्हणाली, "माझ्या धन्याला पाजू नका. त्यांचा जीव जाईल."

पाटलीणबाई हसल्या. "अगं, एका वाटीनं कुठं माणूस मरतो? आमचीच तेवढी कडू लागली व्हय तुला?"

दुसऱ्या दारी हेच उत्तर, तिसऱ्या दारीही हेच.

जत्रेचा दिवस उजाडला. वेशीपर्यंत एकाही घराने पैलवानाला कोरडा सोडला नाही. ढोल वाजू लागले. त्याने गोटा गुडघ्यापर्यंत उचलला, छातीपर्यंत आणला आणि तो थांबला. त्याचा लाल चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. गोटा एकीकडे पडला, तो दुसरीकडे. वैद्यबुवांनी धावत येऊन छातीला कान लावला. काळीज थांबलं होतं.

सारं गाव जागच्या जागी थिजलं. एवढा धिप्पाड माणूस डोळ्यांदेखत गेला, यावर कुणाचा विश्वास बसेना.

"दृष्ट लागली त्याला," कुणीतरी पुटपुटलं.

"कुणी किती पाजली, ते सांगा आधी," वैद्यबुवा कडाडले.

"मी एकच वाटी दिली," पाटील म्हणाले.

"आम्हीबी एकच," कुंभार म्हणाला.

"एकच," "एकच," असं सगळीकडून येऊ लागलं, आणि बोलता बोलता आवाज खाली जाऊ लागले. प्रत्येकाची एक, पण पैलवानाच्या पोटात मात्र सगळ्या गावाची! हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्याचा कुणी वैरी नव्हता हो. आख्ख्या गावाने मिळून त्याला मायेने मारलं.

बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

"मान समद्यांनी दिला," ती म्हणाली. "हात आखडणारा एकबी निघाला नाही."

कुणाला तिच्याकडे बघवलं नाही. त्यानंतर गावात मोहाची भट्टी पुन्हा पेटली नाही, पण गेलेला माणूस काही त्याने परत आला नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दारू कितीही मानाने दिली, तरी ती काळजावर घावच घालते; म्हणून ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला ती पाजू नये.