झुपीचे शेंगदाणे आणि अडलेलं बटण

टेकडीवर होतं एक घर. आजारी प्राण्यांचं घर. तिथे राहायची एक इवलीशी खार. तिचं नाव झुपी.

रोज सकाळी झुपीच्या वाटीत शेंगदाणे यायचे. आज बघते तर काय? वाटी रिकामी!

तुरुतुरु तुरुतुरु, झुपी गेली खाऊ वाढणाऱ्या भिवाकाकांकडे.
"काका, काका, शेंगदाणे वाढा."
"कुणाला काय द्यायचं, ती यादी नाही आली गं बाई! यादीशिवाय कसं वाढू? कासवाचं औषध सशाला गेलं तर?"

तुरुतुरु तुरुतुरु, झुपी गेली प्रिंटरकडे.
"प्रिंटरदादा, यादी छाप.
काका वाढीनात, वाटी भरेना!"
"बटण सांगतं, मग मी छापतो. बटण गप्प, मी गप्प."

तुरुतुरु तुरुतुरु, झुपी चढली टेबलावर. समोर कॉम्प्युटर. अबब! केवढा तो तक्ता! चौकोनच चौकोन! कोपऱ्यात एक निळं बटण. त्याचं नाव मॅक्रो. ते दाबलं, की यादी तयार!
"बटणा, बटणा, यादी कर.
प्रिंटर छापीना, काका वाढीनात, वाटी भरेना!"
"काल कॉम्प्युटर अपडेट झाला. नवा रखवाला आलाय. तो मला सोडतच नाही!"

तक्त्याच्या डोक्यावर लाल पट्टी. तोच रखवाला.
"रखवाल्या, रखवाल्या, बटणाला सोड.
बटण चालेना, प्रिंटर छापीना, काका वाढीनात, वाटी भरेना!"
"मी नवा. मी त्याला ओळखत नाही. रेवतीताईने सांगितलं, तरच सोडीन."

तुरुतुरु तुरुतुरु, झुपी गेली रेवतीताईकडे. ताई सगळ्या प्राण्यांची काळजी घ्यायची. ताईच्या ओंजळीत बुलबुलचं पिल्लू.
"ताई, ताई, रखवाल्याला सांग.
रखवाला सोडीना, बटण चालेना, प्रिंटर छापीना, काका वाढीनात, वाटी भरेना!"
"श्शऽऽ! याचा पंख दुखतोय. हे झोपलं, की उठते हं."

"पिल्ला, पिल्ला, झोप ना रे.
ताई उठेना, रखवाला सोडीना, बटण चालेना, प्रिंटर छापीना, काका वाढीनात, वाटी भरेना!"
"चिंव चिंव! मला थंडी वाजते."

झुपीने शेपटी उलगडली. मऊ मऊ, ऊबदार. पिल्लावर अलगद पांघरली.
फूऽऽ... फूऽऽ... पिल्लू झोपलं!

पिल्लू झोपलं, ताई उठली. तिने पिल्लाला टोपलीत ठेवलं. लाल पट्टीला म्हणाली, "अरे, हे बटण आपलंच आहे. मीच बनवलंय."
टिच्!
रखवाल्याने सोडलं. बटण चाललं. सरसर सरसर! एक चौकोन भरला. दहा भरले. सगळा पडदा भरला!
झुपीचे डोळे हे एऽवढे मोठे झाले.
"बघ झुपी," ताई हळूच म्हणाली. "घरातले सगळे इथे आहेत. हा ससा. हे कासव. हा आंधळा मोर. आणि ही तू!"
एवढ्या मोठ्या तक्त्यात झुपीचा इवला चौकोन! झुपी बघतच राहिली.

खर्रर्र खर्रर्र! प्रिंटरने यादी छापली. काकांनी वाढलं. सशाला गाजर. कासवाला औषध. आणि झुपीला?
एक, दोन, तीन, चार, पाच शेंगदाणे!
कुटुम् कुटुम् कुटुम्!

झुपीचं पोट गच्च, आणि गोष्ट झाली फस्त!