ऑड्रिक राजाचे सिंहासन आणि एर्मिना सुतारीण

एका राज्यात ओक वृक्षांची घनदाट अरण्ये होती आणि त्या ओकांइतकाच हट्टी राजा होता. नाव ऑड्रिक. त्याला एका मांत्रिकाने शाप दिला, "दर हिवाळ्यात तुझे सिंहासन तडकेल आणि तुझे एक मूल लाकडाचे होईल. ज्या हिवाळ्यात सिंहासन अभंग राहील, त्या हिवाळ्यासरशी शाप सरेल."

दोन हिवाळे गेले. दोन राजपुत्र लाकडाचे झाले. उरली धाकटी राजकन्या आडा. दरबारचे सुतार दरवर्षी नवे सिंहासन करत, आदल्यापेक्षा जास्त खिळे ठोकत, सांधे चिकटवायला जास्त सरस ओतत. शहाण्यांना आणखी काय सुचणार!

तिसऱ्या वर्षी काम एर्मिना सुतारणीकडे आले. तिने हत्यार उचलले नाही. ती रानात सुतारपक्ष्याकडे गेली.

"पक्षिराजा, न तडकलेले लाकूड कुठे पाहिलेस?"

"जुन्या मठात," पक्षी म्हणाला. "उंच पायांची, दोनशे वर्षांची लाकडी पेटी आहे."

सात दिवस एर्मिना दिवा घेऊन त्या पेटीखाली उताणी पडून राहिली. मठवासी हसले. हसोत बापडे! वरची बाजू सगळेच बघतात, कारागिराच्या खुणा मात्र खालच्या, न घासलेल्या अंगाला असतात. बोटांनी चाचपत तिने तीन गोष्टी ओळखल्या. लाकूड करवतीने कापलेले नव्हते, पाचर ठोकून रेषेरेषेने फाडलेले होते. सांध्यांत खिळा नव्हता, लाकडी खुंटी होती. आणि मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवली होती, कुठेही न जखडता. कोण तो सुतार, त्याचे नाव नाही, गाव नाही. एर्मिनाचे डोळे भरून आले.

तिने तसेच सिंहासन घडवले. राजाने पाठीच्या फळीला हात लावला, तर ती हलली.

"ढिले काम! खिळे आणा!"

"महाराज, थंडीत लाकूड आकसते. जखडलेत तर फाटेल."

राजाने हातोडा उचलला. आडा आडवी आली.

"बाबा, जीव माझा आहे. मला हिचे पटते."

राजाने हातोडा टाकून दिला.

बर्फ पडले, तळी गोठली. फळी खाचेत आकसली, पण तिला केसाएवढीही चीर गेली नाही. हिवाळा सरला त्या सकाळी दालनात करकर वाजले. सगळ्यांनी घाबरून सिंहासनाकडे पाहिले. आवाज बाजूला उभ्या असलेल्या लाकडी राजपुत्रांच्या बोटांतून येत होता. धाकट्याला शिंक आली. थोरल्याने डोळे उघडले, समोर आडाला पाहिले आणि विचारले, "तू माझ्या खांद्याएवढी कधी झालीस गं?"

राजाने तिघांना कवटाळले आणि तो मोठ्याने रडला. त्याची मुले त्याला मिळाली, तशी ज्याची त्याची माणसे ज्याला त्याला मिळोत.