फाटक्या कोपऱ्याचा लखोटा

फार फार जुनी गोष्ट, नद्यांना पूल ठाऊक नव्हते तेव्हाची. नदीकाठच्या एका गावात लखोटे करणारा कारागीर राहत होता. त्याने खळ लावून मिटवलेला लखोटा पावसाळी हवेतही सुटत नसे, आणि उघडायचा म्हटला तर नखाच्या टोकाने उघडे.

त्या राज्याची एक रीत होती. लग्नाच्या लखोट्याला चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावत. मरणाच्या लखोट्याचा एक कोपरा फाडत. फाटका कोपरा दिसला की माणूस चूल विझवी, दाराबाहेर येई आणि उभ्यानेच पत्र वाची. या खुणांशी खोटेपणा करावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पण राजाला एक प्रधान होता.

हा प्रधान दर पंधरवड्याला घरोघर लखोटे धाडी. आत काय असे? महाराजांचा नवा हत्ती किती देखणा, आणि तो शोधून आणणारे प्रधानजी किती कर्तबगार! लोक शहाणे होते. राजमुद्रा दिसली की लखोटा थेट चुलीत. सरपण वाचे, एवढाच त्या कारभाराचा उपयोग.

प्रधानाने कारागिराला बोलावलं. "लोकांचे हात शिवशिवतील असा लखोटा कर."

कारागिराने तलम कागद घेतला, त्याला वाळ्याचं अत्तर लावलं. लोकांनी वास घेतला आणि लखोटा चुलीत घातला.

"कोपऱ्यांना कुंकू लाव," प्रधान म्हणाला.

"पण आत लग्न कुठे आहे, प्रधानजी?"

"आनंदाची बातमी आहे ना? लाव!"

कुंकू लागलं. लोक दोनदा फसले. तिसऱ्यांदा पुन्हा चूल.

"आता कोपरा फाड."

कारागिराचा हात थबकला. पण दुसरा विचारही मनात आलाच. फाटक्या कोपऱ्याचा लखोटा न उघडणारा माणूस अजून जन्मायचा होता. आपलं काम या वेळी तरी एकूण एक घरात उघडलं जाईल! त्या हौसेपायी त्याने सगळे कोपरे फाडले.

त्याच्या शेजारी भागूआत्या राहायची. तिचा एकुलता एक मुलगा सरहद्दीच्या चौकीवर होता. दुसऱ्या दिवशी ती लखोटा घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"चूल विझवून आले. माझ्याने उघडवत नाही रे. तू वाच."

आत काय आहे ते कारागिराला ठाऊक होतं. तरी त्याला वाचावं लागलं. हत्तीचं बारसं थाटात झालं, असं लिहिलं होतं.

भागूआत्या मटकन खाली बसली. मग म्हणाली, "पोरगं जिवंत आहे, म्हणून शिव्या देत नाही. पण कोपरा कुणी फाडला?"

"मी, आत्या."

"बरी नखं आहेत तुझी," असं म्हणून ती उठून गेली.

त्या दिवसापासून गावात कुणी कुठलाच लखोटा उघडेना. एका घरी तर भाऊ गेल्याचं तेराव्यानंतर कळलं.

आणि त्याच वर्षी वरच्या तळ्याचा बांध चिरला.

बांधावरचा पहारेकरी धावत राजवाड्यात आला. "चार दिवस! फार तर पाच!" नदीकाठचं गाव बुडणार होतं. आसऱ्याला टेकड्या दोनच, त्याही लहान. सगळे एकीकडेच धावले तर निम्मे खालीच राहणार. कोणत्या घराने कुठे जायचं हे प्रत्येकाला वेगळं कळवायला हवं होतं. दवंडी पिटावी, तर हत्तीच्याच बातम्या पिटून पिटून दवंडीचा डफही कधीच बदनाम झालेला.

प्रधान कारागिराकडे धावला. "दोन कोपरे फाड! चारही फाड!"

"कोपरे संपले, प्रधानजी," कारागीर म्हणाला. "आता माझ्या पद्धतीने करू द्या."

त्याने साधा जाडसर कागद घेतला. अत्तर नाही, कुंकू नाही, खळसुद्धा नाही. चारही कोपरे शाबूत. आणि वरच ठळक अक्षरांत लिहिलं: 'तळ्याचा बांध चिरला आहे. चार दिवसांत पाणी येईल. तुमच्या घराने कोणत्या टेकडीवर जायचं ते आत आहे. तुमचे कोपरे फाडणारा तो मीच. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बांधावर माणूस पाठवून पाहा.'

पहिला लखोटा त्याने भागूआत्याच्या हातात दिला आणि मान खाली घालून उभा राहिला.

तिने एकेक कोपरा बोटांनी चाचपला. "मिटवला नाहीस तो?"

"लपवायचं काही नाही, आत्या."

तिने लखोटा उघडला, वाचला आणि आधी पुतण्याला बांधावर पिटाळलं. तो संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परतला आणि लांबूनच ओरडला, "हात जाईल एवढी चीर आहे!"

मग घरोघर लखोटे उघडले गेले. शेरडं, उखळं, पाळणे, सगळं टेकड्यांवर चढलं.

पाचव्या दिवशी सकाळी बांध फुटला. भिंती गेल्या, छपरं वाहून गेली. दोन्ही टेकड्यांवर माणसं मोजली. पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं! लोक एकमेकांना मिठ्या मारून रडले आणि रडता रडता हसले. कारागीर एका बाजूला बसला होता. छातीवरची धोंड उतरल्यासारखा त्याने प्रथमच मोकळा श्वास घेतला.

भागूआत्याने त्याच्या हातावर अर्धी भाकरी ठेवली. "खा. आणि नखं काप."

राजाला सगळं कळलं. त्याने हुकूम काढला, की यापुढे हत्तीची बातमी प्रधानाने स्वतः दारोदार उभं राहून वाचून दाखवावी. ती बातमी तिसऱ्या दारातच संपली.

तात्पर्य: आपलं पत्र उघडलं जावं असं ज्याला वाटतं, त्याने लखोट्यावर आतल्याहून जास्त काही बोलू नये.