खारूताईचे खडे

फार मागे, एका तळ्याकाठच्या पाखरांनी ठरवलं की पिल्लांचे हाल आधीच ओळखायचे. युक्ती मोठी झकास, मंडळी, गल्ल्यावर बसणाऱ्या माझ्यासारख्यालाही पटावी अशी. ज्या घरट्यातून आरडाओरडा ऐकू येईल, त्याच्या नावाने खारूताईने दर वेळी एक खडा ठेवायचा. दहा खडे भरले की पुढे वाईट होणार असं समजून पिल्लू उचलायचं आणि वडावर साळुंकीमावशीकडे सांभाळायला द्यायचं.

माळावरच्या टिटवीचे दहा खडे चारच दिवसांत भरले.

"मावशी, एकदा येऊन बघा तरी!" टिटवी काकुळतीला आली.

"बघायचं काय, बाई? ढोलीतल्या धनेशाचा एक खडा नाही. तुझेच बरे दहा झाले?"

पिल्लू वडावर आलं, पण काही केल्या किडा गिळेना. धनेशाची मादी पिल्लासकट ढोलीत स्वतःला लिंपून घेते; नर बाहेरून फटीतून फळं भरवतो आणि बिया खाली पडतात. तिसऱ्या दिवशी खारूताईला धनेशाच्या ढोलीखाली एकही ताजी बी दिसली नाही. तिने ढोलीवरचं मातीचं लिंपण फोडलं. बाप जाळ्यात सापडला होता आणि आत मायलेकरं उपाशी होती. आई कशीबशी वाचली. पिल्लू मात्र गेलं, आवाज बाहेर न येता.

साळुंकी स्वतः टिटवीचं पिल्लू घेऊन माळावर गेली. तिला बघताच टिटवी किंचाळत अंगावर धावली. घर उघड्यावर, म्हणून पिल्लू कुणी तुडवू नये यासाठी ती येणाऱ्याजाणाऱ्यावर अशीच ओरडायची.

"म्हणजे ते दहा खडे..." साळुंकीने पिल्लू टिटवीपुढे ठेवलं.

साळुंकीच्या मागोमाग आलेल्या खारूताईने ओरडणं ऐकून सवयीने अकरावा खडा उचलला होता. तो तिने गालात लपवला आणि मान खाली घातली.